कबरीचा खूर आणि महाराजांचे पाऊल

भाविकहो, हिवरमाळ हे गाव काही मोठे नव्हे. उतारावर दगडी घरे, घरापुढे काटेरी कुंपणात शेळ्या, आणि गावाखाली ओढ्याच्या काठी एक जुने उंबराचे झाड. याच झाडाखाली महाराज येऊन बसले. कुठून आले, मूळ नाव काय, कुणाला ठाऊक नाही. त्यांनी सांगितले नाही आणि गावानेही फार खोदून विचारले नाही. उंबराखाली बसतात म्हणून उंबरमहाराज, एवढ्यावर सगळ्यांचे भागले.

आता महाराज म्हटले की आपल्याला वाटते, पूजा असेल, प्रवचन असेल, दारी माणसांची रीघ असेल. यांच्याकडे यातले काही नव्हते. तीन दगडांची चूल, तिच्यावर कडुनिंबाचा पाला घालून उकळत ठेवलेले पाणी, एका वाटीत हळद, दुसरीत करंजाचे तेल आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या चिंध्या. एवढाच त्यांचा संसार. शेळ्या पाळणाऱ्या गावात जनावराला काही ना काही लागतच असते. बाभळीचा काटा रुततो, कुंपणात कान फाटतो, दोघी झुंजल्या की शिंगाच्या मुळाशी रक्त येते, केस कापताना कातर लागते. अशी शेळी घेऊन कुणी आले की महाराज तिला मांडीशी ओढून घेत आणि आणणाऱ्याला विचारत, "काय झाले?" त्याने घडले तसे सांगायचे. मग जखम धुवायची. मग हळद आणि तेल. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. एखादा घाईचा माणूस म्हणायचा, "महाराज, आधी धुवा की, सांगतो मागनं." महाराज हात आवरून बसत. म्हणत, "आधी बोल. बोलल्याशिवाय पाणी लागायचे नाही."

लोकांना याचे हसू यायचे. पण शेळ्या बऱ्या होत, म्हणून लोक येत.

सर्वांत जास्त येई ती बायडाक्का. बिचारीला मागेपुढे कुणी नव्हते. नवरा कधीच गेलेला, जवळ एक म्हातारी भाकड शेळी, आणि हात असा धांदरट की दोर सोडायला जावे तर गाठ आणखी बसावी. शेळीला जरा ओरखडा आला की ही निघालीच उंबराकडे. तिथे बसून सगळे जसेच्या तसे सांगायची. "महाराज, दोर मीच वढला. घाईत हुते." मग शेळीपुढे हात जोडून म्हणायची, "चुकले गं माय." गावातली पोरेटोरेसुद्धा तिची नक्कल करत. पण महाराज तिचे बोलणे असे ऐकत, जणू जगात दुसरे काही ऐकण्यासारखे उरलेच नाही.

आणि याच गावात येसाजी कोकरे होता. गावातली सर्वांत मोठी खांड त्याची. खांड म्हणजे शेळ्यांचा कळप. कातर म्हणा, चाकू म्हणा, त्याच्या हाताला गावात तोड नव्हती, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. चारचौघांत बसला की सांगायचा, "ह्या हातानं जनावराचं रगात कधी काढलं न्हाई." तरुणपणी एकदाच कातर त्याच्या स्वतःच्या अंगठ्यात घुसली होती. तिची आडवी खाच अंगठ्यावर कायमची राहिली. ती खाचसुद्धा तो कौतुकाने दाखवायचा.

त्याच्या तोंडात एक शब्द बसलेला होता, किरकोळ. कुणी काही दुखले-खुपले सांगितले की येसाजी म्हणायचा, "किरकोळ हाय. हुईल बरं." मनाने तो वाईट नव्हता हो. बापाने त्याला असेच वाढवले होते, आणि माळावर राहणाऱ्याने रडत बसून चालत नाही, हेही खरेच. पण याच शब्दाने त्याचे घर पोळले होते.

त्याला एकच लेक, हौसा. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली, घरात आनंदीआनंद झाला. पुढे एका सकाळी येसाजी बोकड घेऊन बाजाराला निघाला, तेव्हा हौसा दाराशी येऊन म्हणाली, "आबा, पाय लई दुखतुया. अंगपण तापलंय. आज राहता का?" येसाजी खांद्यावर घोंगडी टाकत म्हणाला, "किरकोळ हाय, पोरी. बाळंतिणीला एवढं हुतंच." ती बरं म्हणून आत गेली. तो बाजारातून परतला तेव्हा घरात आक्रोश चालला होता. त्या दिवसाबद्दल येसाजी पुढे कुणाशीही एक अक्षर बोलला नाही. बायकोशी, सारजाशीसुद्धा नाही. सारजानेही विचारले नाही. दोघांच्या मध्ये ते तसेच पडून राहिले.

मागे उरली ती तान्ही नात. तिला गाईचे दूध पचेना, दुसऱ्या शेळ्यांचे दूध ती तोंडातून बाहेर टाकी. चालले ते फक्त कबरीचे. कबरी ही हौसाची शेळी. पिलू असताना हौसानेच तिला बोटाने दूध चाटवून जगवली होती. सारजा कबरीचे दूध काढी आणि बोंडल्याने, म्हणजे दूध पाजायच्या चोचीच्या वाटीने, थेंब थेंब त्या लेकराच्या तोंडात सोडी. कबरी तिथेच उभी राहून बघत असे. लेकराचा जीव त्या एका शेळीवर टांगलेला होता, हे घरादाराला माहीत होते.

भादवा आला. पावसाळ्यात शेळ्यांचे खूर मऊ पडून वाढतात. ते वेळेवर तासले नाहीत तर जनावर वाकडे चालायला लागते. येसाजीने अंगणात शेळ्या आणल्या आणि चाकू घेऊन बसला. त्याचे काम बघायला नेहमीप्रमाणे चार माणसे जमली. कबरीचा पुढचा उजवा पाय त्याने गुडघ्यांत धरला आणि तेवढ्यात वाटेने बायडाक्का निघाली. तिच्या शेळीचा कान कुंपणात जरासा फाटला होता.

"निघाली बघा महाराजाकडं," येसाजी मोठ्याने म्हणाला. "बायडाक्के, आज काय झालं? शेळीला शिंक आली का?"

माणसे हसली. बायडाक्का थांबली. "कान फाटलाय, दादा. कुंपण मीच नीट लावलं न्हाई."

"किरकोळ हाय की! तेवढ्यासाठी शेळीच्या पाया पडायला निघालीस? तुझा तो म्हाराज शेळ्यांचा, नि तू शेळ्यांची भगतीण."

पुन्हा हशा झाला. येसाजीही मान मागे टाकून हसला, आणि नेमका त्याच क्षणी कबरीने पाय झटकला. चाकू खुराच्या कडेवरून आत गेला, थेट जिव्हाळीला, नखाच्या आतल्या कोवळ्या मांसाला. रक्ताचा थेंब वर आला.

येसाजीने पाहिले. भाविकहो, तेव्हाच त्याने नुसते "अरे, लागलं" म्हटले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण भोवती माणसे होती आणि आत्ताच तो हसला होता. त्याने खालची ओली माती चिमटीत घेतली, अंगठ्याने त्या जखमेत दाबून बसवली आणि पाय खाली सोडून दिला. कुणाच्या काही लक्षात आले नाही.

आले ते एका बायडाक्काच्या. ती जवळ आली आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, धुऊन घ्या. भादव्यातल्या माशा हैत."

येसाजीची कानशिले तापली. "तुझं तू बघ," तो सगळ्यांसमोर ओरडला. "सकाळच्या पारी हे पांढरं कपाळ घिऊन दारात उभी राहू नकंस."

 शेळीचा दोर धरून बायडाक्का खाली मान घालून ओढ्याकडे गेली. जमलेली माणसेही त्यावर हसली नाहीत.

ती उंबराखाली पोचली तर महाराजांच्या उजव्या पायाला चिंधी बांधलेली. चिंधीतून लाल डाग दिसत होता. तिने घाबरून विचारले, "महाराज, काय लागलं?"

महाराज म्हणाले, "किरकोळ आहे."

"धुते मी. पाणी तापलेलंच हाय."

"नको, बायडाक्का. अजून बोलणे झालेले नाही."

तिला काही उमगले नाही. त्या दिवसापासून महाराज लंगडत चालू लागले. जो येई तो पाय धुऊन देतो म्हणे आणि महाराज प्रत्येकाला तेच उत्तर देत. सारजाने हे घरी सांगितले तेव्हा येसाजी म्हणाला, "गावाच्या शेळ्यांचं दुखणं बघतुया, नि सवताचा पाय बरा करता येईना व्हय?"

पण आता त्याच्याच अंगणात कबरी लंगडू लागली होती. सारजा म्हणाली, "अवं, कबरी पाय टेकत न्हाई."

"काटा लागला आसंल. किरकोळ हाय."

सारजाने वर पाहिले. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि येसाजीने नजर चुकवली. तो शब्द दारात ज्या जागी उभा राहून त्याने तेव्हा उच्चारला होता, त्याच जागी तो आत्ताही उभा होता.

जखम चिघळली. कबरीने चारा सोडला, अंग तापले, ती बसली ती उठेना. दूध आटत आटत बंद झाले. येसाजी कुणी नसताना तिच्या पायाशी बसे, खूर हातात घेई आणि पुन्हा खाली ठेवी. वास येत होता. माती अजून तिथेच होती आणि तिच्याखाली किडे वळवळत होते. हे काढायचे कसे, धुवायचे कसे, त्याला काय माहीत नव्हते? सगळे माहीत होते. पण धुवायला घेतले की सारजा विचारणार, काय झाले होते? आणि त्या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता, हौसाचा. त्यालाच तो भीत होता.

लेकरू आधी रडून घर डोक्यावर घेई. मग त्याचे रडणे बारीक झाले. एका दुपारी ते रडायचेच थांबले, नुसते ओठ हलवत पडून राहिले. सारजा म्हणाली, "हौसापण आशीच गप झाली हुती." एवढेच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे, असे येसाजीला वाटले.

त्याने कबरीला उचलून खांद्यावर घेतले. सारजा लेकराला पदरात घेऊन मागे निघाली. ऐन दुपारी, भरल्या गावातून येसाजी कोकरे शेळी खांद्यावर घेऊन उंबराकडे चालला आणि दाराशी बसलेली माणसे उठून मागोमाग आली.

महाराजांनी कबरीला मांडीशी घेतले. बायडाक्का चुलीवरचे पाणी उतरवत होती. महाराजांनी विचारले, "काय झाले?"

येसाजी म्हणाला, "काटा लागला, महाराज."

"मग काढ काटा."

तो खुरात बोटे घालून शोधायला लागला. नसलेला काटा सापडणार कुठून? कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

महाराजांनी तितक्याच शांतपणे पुन्हा विचारले, "काय झाले, येसाजी?"

येसाजीने मान वळवून पाहिले. मागे सगळे गाव उभे होते. तेवढ्यात बायडाक्का पाण्याचे भांडे खाली ठेवून पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, चूक माझी हाय. त्यांचं काम चाललं हुतं नि मी तिथं बोलत उभी राहिले. त्यांचं ध्यान माझ्यामुळं गेलं."

ती त्याला वाचवायला खोटे बोलत नव्हती. तिला खरोखर तसे वाटत होते. जिला त्याने सगळ्यांसमोर हिणवले, तीच बाई त्याच्या चाकूची चूक आपल्या पदरात घेत होती. येसाजीला ते सोसवेना. तो गुडघ्यांवर कोसळला.

"न्हाई, महाराज. तिची कसली चूक? मी हिला हसत हुतो. हसता हसता चाकू लागला. रगात दिसू नये म्हणून म्या माती दाबली. ही सांगत हुती धुवा, तर हिला नको ते बोललो. चुकलो." मग सारजाकडे न बघता तो म्हणाला, "आणि हौसा दारात म्हणाली हुती, पाय दुखतुया, राहता का. मी म्हणालो, किरकोळ हाय. सारजे, ती मला राहा म्हणाली हुती."

 सारजाने लेकराला उराशी घट्ट धरले आणि ती हुंदके देऊन रडू लागली. लेक गेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती.

महाराज म्हणाले, "आता धू."

येसाजीने धुतले. कोमट पाण्याने माती सोडवली, सीताफळीचा पाला ठेचून जखमेत भरला, किडे बाहेर पडले तसे एकेक काढून टाकले, पुन्हा धुतले, हळद-तेल लावले. हात तोच होता, गावात नावाजलेला. पण आज कोण बघते आहे, याकडे त्याचे लक्ष नव्हते. बांधायला चिंधी हवी म्हणून त्याने इकडे तिकडे पाहिले, तर महाराजांनी आपला उजवा पाय पुढे केला. "ही सोड," ते म्हणाले.

त्याने महाराजांच्या पायाची चिंधी सोडली. अंगठ्याच्या नखाशी चाकूचा घाव होता, आताच लागल्यासारखा ताजा. घावात माती दाबून भरलेली होती. आणि त्या मातीवर एका अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, मधोमध आडवी खाच असलेला.

येसाजीने आपला अंगठा पाहिला. मग तो ठसा पाहिला.  इतके दिवस हे पाऊल तो ठसा घेऊन लंगडत होते, आणि पाणी शेजारी असूनही धुतले जात नव्हते, कारण ज्याने बोलायचे तो बोललेला नव्हता. बायडाक्काला आता महाराजांच्या त्या उत्तराचा अर्थ लागला आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

एवढ्यात कबरीने मान उचलली. पुढचे गुडघे टेकून ती उठली, जरा डगमगली, आणि लेकराकडे तोंड करून ओरडली. सारजाने पाहिले तर तिच्या आटलेल्या सडांतून आपोआप दूध ठिबकत होते. किती ही देवाची माया! बोंडले घरी राहिले होते. सारजाने ओंजळीत धार काढली आणि बोट बुडवून लेकराच्या ओठांना लावले. लेकराने बोट चोखले. मग आणखी हवे म्हणून ते खणखणीत आवाजात रडले, आणि ते रडणे ऐकून सगळ्या गावाला हायसे वाटले.

येसाजीने आधी बायडाक्काच्या पायांवर डोके ठेवले. ती लाजून मागे सरकली, "दादा, हे काय करताय?" म्हणाली. मग त्याने महाराजांचे पाऊल मांडीवर घेतले आणि तो ठसा आपल्या हाताने धुऊन काढला. धुता धुता त्याने विचारले, "महाराज, तेव्हा मी राहिलो असतो, तर हौसा वाचली असती का?"

महाराजांनी ओढ्याकडे पाहिले. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "ते आता कुणालाच सांगता यायचे नाही. तू तिला चुकलो म्हणायला हवे होतेस, आणि ती ऐकायला नाही. हे तुझ्यापाशी राहणार. पण तिची लेक आहे. ती मोठी होऊन काही सांगायला आली, की हातातले खाली ठेव आणि ऐक."

येसाजीने ते पाळले. ती पोर चालू लागली, पडू लागली, गुडघे फोडून घेऊ लागली. खरचटलेला गुडघा घेऊन ती आली की बाजाराला निघालेला येसाजी घोंगडी खाली ठेवी, तिच्यासमोर बसे आणि विचारी, "काय झालं, बाय? सगळं सांग." ती बारीकसारीक सगळे सांगे. तो शेवटपर्यंत ऐके, मग पाणी आणायला उठे. तो शब्द पुन्हा कधी त्याच्या तोंडी आला नाही. कधीकधी पोरीचे बोलणे ऐकताना त्याची नजर दाराकडे, हौसा उभी होती त्या जागेकडे, जाई.

कबरीचा खूर भरून आला, माग उरला नाही. महाराजांच्या पायाची जखमही मिटली, पण लंगडणे काही गेले नाही. हिवरमाळच्या लोकांनी त्यानंतर त्यांना नीट चालताना पाहिले नाही. येसाजी रोज सकाळी उंबराखाली जाई, चुलीवरचे कोमट पाणी घेई आणि ते पाऊल धुई. एकदा न राहवून त्याने विचारले, "महाराज, अजून दुखतं का वो?"

महाराज हसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "किरकोळ आहे, येसाजी."

येसाजीने त्या पावलावर कपाळ टेकले. मग उठून पंच्याने ते पुसायला घेतले. पण पुसून कोरडे केलेले पाऊल त्याच्या आसवांनी पुन्हा ओले होत होते, आणि महाराज ते मागे घेत नव्हते.